झिजलेला बाथटब: वरून नवं कोटिंग मारून घ्यावं की सरळ उपटून टाकावा?

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. प्रश्न फारच घरगुती आहे, हसू आलं तर हसा पण उत्तर द्या.

इंग्लंडात रेडिंगला आमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. घेतलं तेव्हापासून बाथरूममध्ये एक पांढरा इनॅमलचा टब आहे, बहुतेक घराइतकाच म्हातारा. आम्हाला इथे येऊन ८ वर्षं झाली, तेव्हाच तो थोडा निस्तेज होता, आता मात्र ड्रेनच्या भोवती तळहाताएवढा भाग अगदी खरखरीत झालाय, पाय घासला की कळतं. नळाखाली दोन टवके उडालेत, आत काळं दिसतं, आणि थंड पाण्याचा नळ ठिबकतो तिथून खाली तपकिरी ओघळ. गेल्या दिवाळीत उटणं त्या खरखरीत भागात असं जाऊन बसलं की फेब्रुवारीपर्यंत पिवळा डाग दिसत होता.

दोन कोटेशनं आलीत. एक माणूस जागेवर येऊन 'री-इनॅमल' करून देतो, ४२० पौंड, २ वर्षांची गॅरंटी, एक दिवसाचं काम. दुसरा प्लंबर म्हणतो हा काढून अ‍ॅक्रिलिकचा बसवू, त्याची मजुरी ९५०, टब वेगळा, आणि टाइल्सची खालची ओळ फुटणार ती वेगळीच. बायको म्हणते काढा, कटकट संपवा. माझा जीव होत नाही, कारण आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन दरवर्षी याच टबात होतं. ऑक्टोबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, त्याआधी काय ते ठरवायचंय.

चिंचगुळाची_आमटी
आधी खरं सांगा, त्या टबात पाणी भरून कधी पडलायत का?

रेडिंगकर
एकदा. पहिल्याच आठवड्यात. मान आखडली. तेव्हापासून टबात बादली, तांब्या आणि प्लास्टिकचं स्टूल.

चिंचगुळाची_आमटी
वाटलंच. मग टब झिजला नाही हो, तुम्ही तो स्टुलाने खरवडलात.

तांबडा_पांढरा
४२० पौंड म्हणजे ४५-५० हजार रुपये की ओ! त्यात आमच्या गावाकडं अख्खी न्हाणी हुतीया टाइल्ससकट. तिकडं कल्हईवाला नाय का येत सायकलवरनं? बसवायचा दारात, द्यायचा टब, नवसागराचा धूर, झालं काम.

भट्टीवाला
तांबडा_पांढरा गमतीत बोललेत पण मुद्दा तिथेच आहे. कल्हईला जाळ लागतो तसा इनॅमललाही लागतो, आणि बराच जास्त.

मी १४ वर्षं गीझरच्या टाक्यांना आतून इनॅमल मारायच्या भट्टीवर काढली आहेत. गीझरवर 'ग्लासलाइन्ड' लिहिलेलं असतं ते हेच. इनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच. काचेची भुकटी, आम्ही तिला फ्रिट म्हणायचो, ती लोखंडावर ८०० अंशाच्या आसपास वितळवून बसवतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, टबाची जुनी पद्धत तर बघण्यासारखी, टब लालबुंद तापवून भट्टीबाहेर काढायचा आणि चाळणीतून पीठ चाळावं तशी वरून ती भुकटी भुरभुरायची, पडली की वितळली, परत आत. आता तुमच्याकडे व्हॅन घेऊन येणारा माणूस तुमच्या बाथरूममध्ये ८०० अंश आणणार आहे का? म्हणजे तो मारणार तो रंग. दोन घटक मिसळून वाळणारा, मोटारीच्या पत्र्याला मारतात त्या जातीचा, चांगला असतो, पण रंगच. रंग म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, काच म्हणून घेऊ नका.

आणि त्यातली खरी मेहनत तयारीत आहे. काच गुळगुळीत, तिच्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी आम्लाने किंवा पॉलिशपेपरने ती मारून खरखरीत करायची, टवक्यांत लांबी (पुट्टी) भरायची, कडेच्या सिलिकॉनचा कण न कण काढायचा (एवढासा राहिला तरी तिथे रंग फाटतो), मग प्रायमर, मग दोन-तीन हात, मग किमान एक-दोन दिवस पाणी नाही. तुमचा माणूस 'एक दिवसाचं काम' म्हणतोय त्यात यातलं काय काय करतो ते विचारा. आणि विचारताना त्याच्या तोंडाकडे बघा.

पण त्याआधी, टब बिडाचा आहे की पत्र्याचा? चुंबक दोन्हीला चिकटेल, चिकटला नाही तर इनॅमलच नाही, प्लास्टिक. मग मुठीने ठोका. पत्र्याचा असेल तर पिंपासारखा दणाणेल, बिडाचा ठक्क करून गप्प बसेल.

न्यूजर्सीची_नणंद
भट्टीवाले काका, दंडवत. काचेच्या पैशात रंग, हे मी अनुभवलंय.

आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये घरमालकाने टबला असं कोटिंग मारून घेतलं होतं, आम्ही राहायला जायच्या आठवडाभर आधी. सुरुवातीला इतका चकचकीत की मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. १४ महिन्यांत ड्रेनजवळ दुधावर साय धरावी तसा पापुद्रा सुटला. मुलगा तेव्हा ४ वर्षांचा, तो रोज अंघोळीला बसला की नखाने एकेक तुकडा सोलायचा आणि टबाच्या कडेला नीट ओळीने मांडून ठेवायचा. त्याच्या बालपणातला सर्वात आवडता खेळ. मालक म्हणाला तुम्ही रबरी मॅट वापरली म्हणून झालं. आणि खरंच, त्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की सक्शनवाली मॅट चालणार नाही. त्या मॅटचे खालचे कप रंगाला ओढून धरतात.

अजून एक, हे गमतीचं नाही. आधीचं कोटिंग सुटलं की ते काढायला स्ट्रिपर वापरतात, त्यात मिथिलीन क्लोराइड असायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, टबात साचून राहते आणि माणूस नेमका टबात वाकून काम करत असतो. २००० ते २०११ मध्ये अमेरिकेत टब दुरुस्त करणारे १३ जण असे गेले, सीडीसीने (इथली सरकारी आरोग्यसंस्था) २०१२ साली छापलं होतं. तुमच्याकडे ते सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नाही, तरी कोणी तुमच्या घरात बंद बाथरूममध्ये काही भलतं ओतत असेल तर खिडकी उघडा.

ग्लासगोचा_गोट्या
अरे सगळे कोटिंगवर तुटूनच पडलेत. आमच्याकडे ९ वर्षं झाली, टकाटक आहे. बिडाचा टब, सिंहाच्या पायांचा, बायकोला तो हवाच होता. माणूस दीड दिवस घासतच होता, फवारा मारायला म्हणे तासभर लागला. आम्हाला घराबाहेर काढलं होतं, स्वतः हवेची नळी लावलेला मुखवटा घालून बसला होता.

भट्टीवाला
तोच चांगला माणूस. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यातून छातीत गेलं की दम्याचं दुखणं मागे लागतं. साध्या कापडी मास्कवर फवारा मारायला येईल त्याला दारातूनच परत पाठवा.

गोट्या, तुम्ही टबात बादली ठेवता का?

ग्लासगोचा_गोट्या
छे. आम्ही दोघंच. लोळतो मस्त.

भट्टीवाला
बघा.

माटुंग्याची_माई
अवांतर: आमच्या शेजारच्या पारशी बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात असे टब होते. अंघोळीला कोणी वापरत नसे, महापालिकेचं पाणी गेलं की कामाला यावं म्हणून काठोकाठ भरून ठेवायचे, वर पाट झाकलेला. आम्ही लहानपणी त्या बाईंकडे टबातलं पाणी बादलीने आणायला जायचो. पुढे रिडेव्हलपमेंटला गेली बिल्डिंग, तेव्हा सहा हमालांनी एक टब जिन्यावरून उतरवताना बघितलाय, तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला पाऊण तास, आणि खाली भंगारवाल्याने काट्यावर घालून बिडाच्या भावाने घेतला. एक मात्र कोणीतरी चोरबाजारात नेऊन चांगल्या किमतीला विकला म्हणे.

नाकपुडी_पुणेरी
माई, छान आठवण. धाग्याचा विषय 'टब ठेवावा की काढावा' असा असल्याने 'टब झाकण्यासाठी पाट कुठल्या मापाचा' यावर वेगळा धागा काढावा ही विनंती.

माटुंग्याची_माई
काढते हो. तुम्ही मात्र त्यात येऊ नका.

लेस्टरची_लता
रेडिंगकर, आम्ही बिडाचा टब काढलाय त्यामुळे अधिकारवाणीने बोलते. तो अख्खा बाहेर निघत नाही. आमचा १७०० मिलिमीटरचा, सव्वाशे-दीडशे किलो तरी असेल, आणि जिना अरुंद. मग प्लंबर म्हणाला फोडू. वर जुनी गोधडी टाकली (सासूबाईंची, त्यांना अजून माहीत नाही) आणि घणाने घातले. आवाज असा की भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या आजी विचारायला आल्या सगळं ठीक आहे ना. इनॅमलच्या कपच्या काचेसारख्याच उडतात, चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच, आम्हाला दोन महिन्यांनी पायपुसण्यात एक सापडली. टाइल्सची एक ओळ म्हणाले होते, तीन गेल्या, कारण नवा टब उंचीला कमी निघाला. मग तशा टाइल्स मिळेनात. मग सगळ्याच बदलल्या. ९५० वर थांबेल असं समजू नका.

आणि अत्यंत महत्त्वाचं: टबाच्या बाजूचं पॅनल जुनं असेल तर हात लावण्याआधी तपासून घ्या. जुन्या घरांत ते अ‍ॅसबेस्टॉसच्या बोर्डचं असू शकतं. इथे पूर्ण बंदी १९९९ ला आली, त्याआधीचं काहीही असेल तर ड्रिल नको, तोडणं नको.

चिंचगुळाची_आमटी
सासूबाईंची गोधडी!! लताताई, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

केटलीतला_चुना
मला एक वेगळीच शंका. रेडिंगचं पाणी खडूच्या डोंगरातलं, कमालीचं जड. तुमच्या चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो ना, तोच तुमच्या टबाच्या तळाशी बसलेला असणार. तुम्ही ज्याला झीज म्हणताय ती निदान अर्धी तरी चुन्याची पुटं असतील. ड्रेनजवळच का? कारण पाणी शेवटी तिथे रेंगाळून वाळतं. उटणंसुद्धा तिथेच अडकलं. आमच्या स्विंडनच्या घरी मी सायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला, लिंबू-सत्व हो, बुडबुडे आले, घासलं, खाली छान गुळगुळीत टब. तीन वर्षं मी 'टब गेला' म्हणून रडत होते.

भट्टीवाला
शंका उत्तम, उपाय जरा सांभाळून. जुन्या टबांचं इनॅमल आम्लाला टिकणारं नसायचं. व्हिनेगरचं फडकं रात्रभर ठेवलंत तर चुना जाईल आणि चकाकीही जाईल, मग ती परत येत नाही. थेंब टाका, फसफसलं की पुसा, भरपूर पाण्याने धुवा, मिनिटाच्या वर नाही. थोडं थोडं, चार-पाच दिवस.

आणि कोपऱ्यात ही परीक्षा करा, आम्ही नमुन्यांवर करायचो. जागा कोरडी करून मऊ शिसपेन्सिलीने रेघ मारा, कोरड्या फडक्याने पुसा. पुसली गेली तर काच शाबूत. रेघ आत जाऊन बसली तर वरची काच खाल्ली गेलीय, तिथे मळ धरणारच. कडेवर एक रेघ मारा, तळाशी एक, फरक तुम्हालाच दिसेल. तळाशी मात्र आधी चुना काढून मगच, नाहीतर रेघ चुन्यात बसेल आणि तुम्ही काचेला दोष द्याल.

भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी कोण वापरतं तुमच्याकडे?

रेडिंगकर
... आई. मागच्या खेपेला. रोज. 'किती कळकट ठेवलाय' म्हणत.

भट्टीवाला
आईंना काही बोलू नका. पण घासणी लपवा.

गुडघेदुखी_स्पेशालिस्ट
(फिजिओ आहे, खरीखुरी.) तुम्ही सगळे टबाचं बघताय, मी त्यात चढणाऱ्या माणसांचं बघते. आई-बाबा किती वर्षांचे? सत्तरीच्या बाईला ती कड ओलांडून ओल्या टबात एका पायावर उभं राहायचंय. चकचकीत नवं कोटिंग आणखी घसरडं. आणि नणंदबाईंनी वर सांगितलंच, कोटिंगवर मॅट लावायची नाही! म्हणजे ४२० पौंड देऊन तुम्ही आईची मॅट काढून घेणार. काढायचाच असेल तर टबाच्या जागी टब कशाला, सपाट शॉवर करा.

लेस्टरची_लता
ताई, बरोबर, पण घरात एकच बाथरूम असेल तर टब काढू नये असं इथे सगळे सांगतात, लहान मुलंवाले घर घ्यायला येतात ते आधी तेच विचारतात.

तांबडा_पांढरा
आणि गणपती कुठं बुडवणार मग? शॉवरखाली धरणार व्हय?

गुडघेदुखी_स्पेशालिस्ट
हाहाहा. बरं, मग मधला मार्ग. टबावर आडवी बसवायची फळी मिळते, बाथबोर्ड म्हणतात, दोन्ही कडांवर टेकते, खाली अडकवायच्या खुंट्या असतात. बाहेरूनच फळीवर बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. फळीवर बसूनच तांब्याने अंघोळ. भिंतीला एक पकडायचा दांडा, तो मात्र स्क्रूने ठोकलेला, सक्शनचा नाही. अ‍ॅक्रिलिकचा टब घेतलात तर त्याची कड लवचिक असते, वजनदार माणूस फळीवर बसणार असेल तर आधी विचारून घ्या. बिडाच्या कडेला ती चिंता नाही.

नाकपुडी_पुणेरी
टबात बादली, बादलीवर फळी, फळीवर आई. यालाच पाश्चात्त्य राहणीमान म्हणतात.

केटलीतला_चुना
रेडिंगकर, गणपतीचं राहिलं, शाडूची माती ड्रेनमधून जाते कशी? आमचा पाइप एकदा असा तुंबला होता की प्लंबरला 'क्ले' का आहे हे समजावून सांगताना घाम फुटला.

रेडिंगकर
थेट टबात नाही हो. टबात मोठं घमेलं, घमेल्यात पाणी, त्यात मूर्ती. दोन दिवसांनी वरचं पाणी झाडांना, गाळ कुंडीत. टब फक्त आरती म्हणायला जागा मिळते म्हणून. सात-आठ जण बाथरूमच्या दाराशी, टाळ, एक मुलगा कमोडच्या झाकणावर चढून.

बाकी सगळ्या सूचना वाचल्या. शनिवारी परीक्षा करतो.

रेडिंगकर
अहवाल. चुंबक चिकटला. मुठीने ठोकला, ठक्क आणि गप्प, मूठ दुखली. पॅनल आमचं नव्या काळातलं, प्लास्टिकचं निघालं, स्क्रू काढून टॉर्च मारला तर खालून काळाकभिन्न, खरबरीत, आमच्या डोशाच्या तव्याच्या मागच्या बाजूसारखा. बीडच.

लिंबू-सत्वाचा थेंब टाकला तर फसफसलं! चार संध्याकाळी थोडं थोडं केलं, बोट फिरवत. तळहाताएवढ्या भागातला बराचसा गेला, आता रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा ड्रेनला लागून खरखरीत उरलीय. मग पेन्सिल. कडेवरची रेघ पुसली गेली. तळाची त्या उरलेल्या जागेत बसली ती बसलीच, खोडरबराने काढावी लागली. म्हणजे तिथे काच खरोखर गेलीय. बायको दारात उभी राहून म्हणाली, बाथरूममध्ये चित्रकलेचा तास चाललाय का.

टवक्यांचं काय करू? आत तांबूस दिसतंय आता.

भट्टीवाला
गंज आहे, घाबरू नका. पत्र्याच्या टबाला दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा, तिथे टवका पडला की काही वर्षांत भोक पडू शकतं. तुमचं बीड जाड आहे, त्याला खायला गंजाला फार वर्षं लागतील. पण गंज काचेच्या खाली कडेकडेने सरकतो आणि टवका मोठा करतो, म्हणून थांबवायला हवा. बारीक पॉलिशपेपरने गंज खरवडा, पूर्ण कोरडा करा (हेअर ड्रायर चालेल), आणि टचअपची दोन घटकांची छोटी बाटली मिळते ती पातळ पातळ दोन-तीन वेळा भरा. दिसायला डाग राहील, पांढऱ्याशी पांढरा जुळत नाही. आणि आधी नळ! तो ठिबकतोय तोवर काहीही करा, ओघळ येणारच. नळाचा वॉशर चार आण्याचा असतो.

रेडिंगकर
वॉशर काल बदलला. ८ वर्षं ठिबकत होता आणि २० मिनिटांत झालं, आता बायकोला काय सांगू?

तर सध्या ठरलं ते असं: कोटिंग नाही, कारण आमची बादली बंद होणार नाही आणि आईची मॅट काढायची नाही. टब काढायचा नाही. टवके स्वतः भरणार. फळी मागवलीय, दांड्यासाठी माणूस येतोय. स्टुलाच्या पायांना रबरी बुटं. व्हॅनवाल्याला फोन करून नको म्हणालो, तर तो म्हणतो, 'री-इनॅमल' शब्द आम्ही फक्त समजायला सोपा म्हणून वापरतो.

नाकपुडी_पुणेरी
कोणाला समजायला?

न्यूजर्सीची_नणंद
खिक्क.

ग्लासगोचा_गोट्या
माझा टब अजून टकाटक आहे एवढंच नमूद करतो.

रेडिंगकर
नोव्हेंबर. थोडक्यात अपडेट. आई-बाबा आले, नरकचतुर्दशीला आईने फळीवर बसून उटणं लावून घेतलं, डाग नाही. फळी तिला इतकी आवडली की नाशिकला न्यायचीय म्हणते. मी म्हटलं तिकडे टब कुठाय. तर म्हणे, दोन स्टुलांवर ठेवीन. घासणी मात्र तिने शोधून काढली, लॉफ्टमध्ये ठेवलेली.

भट्टीवाला
परत लपवा.

नवा_सभासद_कोथरूड
नमस्कार, धागा वर काढतोय, क्षमस्व. आमच्याकडे फ्लॅटबरोबर आलेला पांढरा टब आहे, पिवळट पडलाय आणि मध्ये बारीक तडा दिसतो. पुण्यात इनॅमल करून देणारं कोणी माहीत आहे का? अर्जंट आहे, पाहुणे येतायत.

केटलीतला_चुना
आधी चुंबक लावा.